वाळू काढली तेव्हा

भट्टीच्या घुमटाआतली वाळू उपसायची होती त्या सकाळी आई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. माझ्या लेकीचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता. "आरं, वाळू काढल्यावर त्या विटांला कोण धरून ठिवणार?" भट्टीचं काम सुरू झाल्यापासून तिनं विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

आईचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गावं झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. तिकडची घरं म्हणजे चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवद. गळू नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षं माती चढत गेलेली, कुठं कुठं दीड-दोन फूट. ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेली. त्यांत माझे थोरले मामा होते. आई आजही कुणाच्या जुन्या वाड्यात गेली की ओसरीवरच बसते, आतल्या खोलीत पाऊल टाकत नाही.

अशा घरात मला विटा-मातीचा घुमट रचायचा होता. कारण साधं होतं. लेकीला पिझ्झा घरी भाजायचा होता आणि आमच्या ओव्हनचा काटा अडीचशे अंशांच्या पुढं सरकत नव्हता. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साडेचारशेच्या आसपासच्या आचेवर दीड मिनिटात निघतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला, हे लेकीनंच मला सांगितलं. तेवढी आच लाकडाच्या भट्टीत मिळते.

नांदेडला बेकरीच्या भट्ट्या बांधण्यात हयात घालवलेले एक मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आमच्याकडं लातूरला आले तेव्हा मी बांधलेला ओटा आणि कालवून ठेवलेला गारा त्यांनी पाहिला. चिमूटभर गारा बोटांत चोळून म्हणाले, "ही काळी हाय. रानातली. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतेत ना, तशाच हिला पडतेल." तरी हट्टानं मी चार विटा जोडून उन्हात ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सांध्यात बोट जाईल एवढी फट. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. सिमेंटलाही चाचांनी नकार दिला, कारण रोजच्या त्या आचेत सिमेंटचा मसाला भुसभुशीत होऊन सुटतो. "पांढरी आणा," म्हणाले.

पांढरी म्हणजे गावठाणाची माती. आपल्याकडं काळी पिकवायला आणि पांढरी राहायला. जवळची पांढरी कुठली, तर आईच्या माहेरची. भूकंपानंतर गाव दुसरीकडं वसलं आणि जुन्या जागी नुसते ढिगारे राहिले. आईला विचारलं. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकडची नगं." मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या गावातल्या एका पडक्या वाड्याची माती आणली, चाळली आणि आठवडाभर भिजत घातली. तिच्यात वाळू मिसळली.

भट्टीच्या तळाखाली चाचांनी वाळू, जाडं मीठ आणि फुटक्या बाटल्यांचा चुरा अंथरला. आच धरून ठेवायची ही बेकरीवाल्यांची जुनी रीत. त्यावर हैदराबादहून मागवलेल्या फायर ब्रिक. मग ओल्या वाळूचा अर्धगोल ढीग रचला, छत्तीस इंच रुंद, अठरा इंच उंच, आणि त्यावर भिजवलेली वर्तमानपत्रं. त्या ढिगावर अर्ध्या केलेल्या विटांचे नऊ थर चढले. तोंडाची उंची अकरा-साडेअकरा इंच ठेवली. घुमटाच्या उंचीशी तिचं प्रमाण साधारण शेकडा त्रेसष्ट धरतात. तोंड त्याहून उंच झालं तर आच निसटते, बुटकं झालं तर धूर कोंडतो.

घुमट वरून दाबला जातो आणि बुडाशी बाहेर पसरू पाहतो. म्हणून सर्वांत खालच्या थराभोवती लोखंडी पट्टा आवळला. आई लांबून बघत होती. पट्टा तिला ओळखीचा होता. पुनर्वसनाच्या घरांत भूकंपरोधक पट्टा कुठं असतो, हे तिच्या माहेरची पोरंसुद्धा सांगतील. त्याच भागात गुबाळला भूकंपानंतर घुमटाच्या आकाराची घरं उभी राहिली. ती मी लहानपणी पाहिली होती. पण तो आकार उभा कसा राहतो, ते कळायला स्वतः नववा थर लावावा लागला.

तर वाळू. चाचांनी तोंडातून हात घालून पहिली ओंजळ काढली, मग घमेली भरू लागली. सहाव्या घमेल्याला आतून कागद सुटून लोंबला. आई ओरडली. एकही वीट हलली नव्हती. मी आईला म्हणालो, "विटाच एकमेकीला धरतेत, आई. वरची खाली यायला बघती, पण बाजूच्या दोघी तिला वाट देत नाहीत." ती काहीच बोलली नाही. लेकीचा हात मात्र तिनं सोडला नाही.

त्यानंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ तुराट्यांचा बारीक जाळ. ओल्या घुमटाला एकदम मोठी आच दिली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन विटा तडकतात. पाचव्या दिवसापर्यंत सांध्यांतून वाफ निघत होती. एक केसाएवढी भेग पडली, ती चाचांनी मातीनं लिंपली. आठव्या दिवशी बाभळीची लाकडं घातली. तासाभरात आतून काळाकुट्ट झालेला घुमट माथ्यापासून पांढरा होत गेला. आच पुरेशी वाढली की काजळीच जळून जाते, आणि भट्टी तयार झाल्याची हीच खूण. पहिला पिझ्झा एका बाजूनं करपला. चौथा जमला.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात परातीचा आवाज आला. आई भरड गव्हाची कणीक मळत होती. भट्टी रात्रभर निवत आली होती, पण हात आत फार वेळ ठेववत नव्हता. तिनं रोडग्यांचे गोळे वळले, परातीत घेतले आणि अंगण ओलांडून आली. वाकून एकेक गोळा आत ठेवला. शेवटचा ठेवताना तिचा हात कोपरापर्यंत घुमटाखाली होता.

उठताना तिनं बाहेरून विटांवर तळवा टेकवला.

"किती वजन आसंल रे ह्याचं?"

"तीनशे किलोच्या वर."

तळवा तसाच ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "वरण टाक शिजायला."