होडीचं नाव ‘पेंढा’ का?

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये आपल्या सेलिंग क्लबची होडी ठेवलेली असते. तिच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगात ‘पेंढा’ असं लिहिलंय. दर वर्षी नवीन एफ.ई.वाले विचारतात, “हे काय नाव झालं का होडीचं?” आणि सीनिअर्स दर वर्षी नवी थाप मारतात. पेंढा ही ग्रीक समुद्रदेवता आहे, हे एका बिचाऱ्याने खरं मानून सेमिनारमध्येसुद्धा सांगितलं! आता कॉलेज सुटलंय, संपादकांनी लेख मागितलाय, तर एकदा खरं काय ते लिहून टाकतो. खऱ्या गोष्टीत मी काही फार शोभून दिसत नाही, हे आधीच सांगतो.

गोष्ट डिसेंबर २०२३ ची. मी टी.ई. मेकॅनिकलला, आणि सेलिंग क्लबचा सेक्रेटरी. क्लबचे सभासद अकरा, होड्या शून्य. दोन वर्षं वर्गणी काढून, गॅदरिंगला वडापावचा स्टॉल लावून पैसे जमवले आणि मुंबईतल्या एका निवृत्त काकांकडून जुनी ‘एंटरप्राइज’ विकत घेतली. ही दोन माणसांची शिडाची होडी. जॅक होल्ट नावाच्या इंग्रज डिझायनरने १९५६ साली काढलेली. लांबी चार मीटरच्या किंचित वर, रुंदी साधारण १.६ मीटर, वजन शंभर किलोच्या आत, आणि शीड निळं. आमची फायबरची होती. होडी मुंबईत, आपलं धरण घाटावर. म्हणजे समुद्रातल्या होडीला बोरघाट चढवायचा होता!

ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन सुरू केले. एकाने विचारलं, “फुगवायची होडी का?” दुसऱ्याने विचारलं, “वजन किती?” मी ऐटीत सांगितलं, “शंभर किलोसुद्धा नाही.” तो म्हणाला, “मग छोटा हत्ती बास झाला.” सगळ्यांत स्वस्त तोच होता. पंधराशे रुपये ॲडव्हान्स पाठवून मोकळा झालो. मालाची लांबी त्याने विचारली नाही, गाडीची लांबी मी विचारली नाही. मेकॅनिकलचा विद्यार्थी ना मी!

ठरल्या दिवशी आम्ही चौघं मुंबईला पोचलो. गाडी आली. हौदा जेमतेम सात फूट, होडी सव्वातेरा फूट. अर्धी होडी गाडीबाहेर. ड्रायव्हर म्हणाला, “होतंय की, बांधू आवळून.” हमालाने होडीवरून दोर टाकला आणि कापडाचा गठ्ठा आवळतात तसा काठी घालून पीळ दिला. कट् असा आवाज आला. बाजूला वीतभर तडा!

काका नुसते बघत उभे होते. म्हणाले, “पंचवीस वर्षं पाण्यात होती रे. कधी फुटली नाही.”

आम्ही होडी उतरवली. गाडी निघून गेली, ॲडव्हान्स गेला. बिल्टीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं, ‘माल मालकाच्या जोखमीवर’. जागा संध्याकाळपर्यंत मोकळी करून द्यायची होती. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि यावर उपाय कुठे आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हॉस्टेलवर कुणी विचारलं की ‘वडील काय करतात?’, तर मी सांगायचो, ‘ट्रान्सपोर्ट बिझनेस.’ खोटं नव्हतं. बिझनेस म्हणजे पेणमध्ये एक चौदा फुटी टेम्पो, आणि त्याचे मालक, मॅनेजर, ड्रायव्हर सगळे आमचे बाबाच. पेणच्या गणपतीच्या मूर्ती गावोगाव पोचवायच्या, एरवी मिळेल ते भाडं मारायचं. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही हॉस्टेलवर येऊ दिलं नव्हतं. पार्किंग नाही, म्हणायचो.

बाजूला जाऊन फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तडा कुठे गेला, होडी पोकळ आहे का, एवढंच विचारलं. मग म्हणाले, “येतो. तुझे मित्र असतील ना तिथे? मग ड्रायव्हर म्हणूनच येऊ ना मी?”

मी काहीच बोललो नाही. ‘हो’ म्हणालो नाही, पण ‘नाही’ही म्हणालो नाही. ते आजही लागतं.

ऊन कलताना टेम्पो आला. हौद्यात नव्या भाताचा पेंढा गुडघाभर पसरलेला, वर गोण्या. बाबांनी होडीला हात लावायच्या आधी काकांना विचारलं, “साहेब, हिचं सगळ्यात मजबूत हाड कुठलं?” आमच्यापैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. काकांनी खुश होऊन तळाचा मधला कणा दाखवला, डोलकाठी उभी राहते ती जागा दाखवली. बाबांनी पेंढ्याच्या गोण्या भरून कण्याखाली आणि दोन्ही बाजूंना बसवल्या, मग आम्ही सगळ्यांनी मिळून होडी अलगद ठेवली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली, तिथेही पेंढा. दोर टाकला तो फक्त मजबूत जागांवरून, खाली जुनी ट्यूब घालून, बेताचाच आवळून.

“पोकळ वस्तू बांधायची नसते, बसवायची असते,” ते म्हणाले. “गणपतीला दोर कोण आवळतं?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी होडीला तळाच्या सगळ्या भागावर सारखं उचलून धरतं. एस.ओ.एम.च्या भाषेत डिस्ट्रिब्युटेड लोड. दोराने आणि फळीच्या कडेने आम्ही तिला पॉइंट लोड दिला होता. पेंढा म्हणजे जमिनीवरचं पाणी! त्या पेपरात मला ७४ मार्क होते. बाबा नववी नापास.

वीस फुटांच्या आसपासची डोलकाठी तिरकी करून केबिनच्या टपावर टेकवली, टोकाला लाल फडकं बांधलं. तारा गुंडाळून चिंध्यांत बांधल्या. तळाचं बूच काढायला लावलं; वाटेत पाऊस आला तर होडीत पाणी साठून वजन वाढायला नको. आणि आम्ही निघालो. पनवेलच्या अलीकडेच बाबांनी गाडी थांबवून दोर तपासले. “पहिल्या काही मैलांत माल बसतो, दोर ढिले पडतात,” म्हणाले. घाटाआधी खालापूरला पुन्हा थांबले.

तिथे चहा घेताना ते आमच्यापासून जरा लांब, टायरजवळ उभे राहिले होते. ग्लास हातात घेऊन एकटेच. मला ते बघवेना. मी मित्रांना म्हटलं, “ऐका ना. हे माझे बाबा आहेत.”

माझा रूम-पार्टनर अमरावतीचा. चहाचा घोट घेऊन म्हणाला, “माहीत आहे बे. नाक सेम टू सेम आहे.” मग स्वतःच जाऊन बाबांना ओढत आणलं, “काका, इकडे या ना, तिकडे काय एकटे?”

तीन वर्षं जपलेलं माझं रहस्य दीड मिनिटात संपलं!

रात्री अकराला होडी वर्कशॉपमागे उतरली. नवा ओरखडासुद्धा नव्हता. आमच्या खजिनदाराने भीतभीत विचारलं, “काका, भाडं...?” मला वाटलं होतं बाबा नको म्हणतील. त्यांनी सहा हजार पाचशे मोजून घेतले आणि पावती लिहून दिली. “पोरगा माझा आहे, डिझेल माझं नाही,” म्हणाले. सगळे हसले. ती पावती अजून क्लबच्या फाइलमध्ये आहे.

तडा आम्ही वर्कशॉपमध्ये रेझिन आणि फायबरच्या जाळीने भरला. हात फिरवलात तर अजून लागतो. नाव काय ठेवायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी रूम-पार्टनरने कुणालाही न विचारता ब्रश घेतला आणि लिहून टाकलं.

पहिल्यांदा पाण्यात टाकली तेव्हा होडीच्या सांदीतून पेंढ्याच्या दोन काड्या निघाल्या आणि लाटेवर तरंगत गेल्या. त्या दिवशी बाबा काठावर होते. पार्किंगला भरपूर जागा होती.