आम्ही दोघी, हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)

‘तू ती, की ती?’

हा प्रश्न मी आयुष्यात किती वेळा ऐकलाय, विचारू नका. स्टेशनवरच्या भाजीवालीकडून, शाळेतल्या बाईंकडून, सख्ख्या मामाकडून. लहानपणी आम्ही त्याला ठरलेलं उत्तर द्यायचो, ‘मी ती नाही!’ आणि पळून जायचो. समोरचा बिचारा तिथेच! पण मागच्या वर्षी हाच प्रश्न एका बँकेने विचारला आणि खरं सांगते, हसू आलं नाही. होम लोनचा अर्ज होता. कल्याणला वन बीएचके, बिल्डरला टोकन देऊन झालेलं. आणि उत्तर आलं, तुमच्या क्रेडिट कार्डाचे आठ हप्ते थकलेत, सबब अर्ज नामंजूर.

माझे? माझं कार्ड तर पहिल्या तारखेला भरलेलं असतं. मी त्या बाबतीत अगदी टिपिकल मध्यमवर्गीय आहे!

रिपोर्ट मागवला. कार्ड माझं नव्हतं. तिचं होतं.

आता ही ‘ती’ म्हणजे माझ्यापेक्षा सात मिनिटांनी मोठी बहीण. आमची नावं इथे देत नाही, पण यमक जुळवलेली आहेत, पहिल्या अक्षराचा काय तो फरक. जुळ्या मुलांची नावं ठेवताना आपल्याकडे आईबापांच्या अंगात कवी संचारतो, त्याचा हा परिणाम. वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच, कायमचा पत्ता तोच – हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम. एवढं सगळं जुळल्यावर कॉम्प्युटर तरी काय करणार? त्याने आम्हाला एकच करून टाकलं. त्याच्या दृष्टीने आम्ही म्हणजे दोन कार्डं वापरणारी, एका कार्डावर शहाण्यासारखी वागणारी आणि दुसऱ्यावर उधळपट्टी करणारी एक बाई!

बँकेतला मुलगा चांगला होता. म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती आहात याचा काहीतरी पुरावा आणा. जन्मदाखले आणा दोघींचे.’ आणि तिथेच घोळ होता. दाखले २००५ साली वाहून गेले होते. म्हणून शुक्रवारी रजा टाकून बदलापूरला जायचं ठरवलं, कारण शनिवारी ऑफिसं बंद.

ठाण्याहून बदलापूर लोकल पकडली की कल्याणपर्यंत काही वाटत नाही. खरा प्रवास त्यानंतर. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ... गाडी रिकामी होत जाते आणि उजवीकडे डोंगर दिसायला लागतात. आमचं गाव सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. लालबाग-परळच्या चाळीतली खोली विकायची आणि त्या पैशांत बदलापूरला सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक घ्यायचा, हा त्या काळातला फंडा. आमच्या आजोबांची गिरणी १९८२ च्या संपानंतर परत सुरू झालीच नाही. मग बाबांनी इथे तळमजल्यावरची जागा घेतली, का तर स्वस्त. तळमजला स्वस्त का असतो, ते आम्हाला नंतर कळलं.

बदलापूर म्हटलं की लोकांना २०१५ चा तो वरुण धवनचा सिनेमा आठवतो. आम्हाला शाळेत वेगळंच सांगितलेलं. इथे म्हणे पूर्वी घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरंखोटं घोडे जाणोत! पण गावाची कागदावरची ओळख बघा ना, कुळगाव-बदलापूर. मध्ये एक छोटी रेघ. कुळगाव पूर्वेला, जुनं बदलापूर गाव पश्चिमेला, मधून रेल्वेचे रूळ. बाहेरच्याला दोन्ही सारखंच, आतल्याला विचाराल तर जमीन-अस्मानाचा फरक. पूर्वेचे लोक ‘वेस्टला पाणी भरतं’ म्हणून नाक मुरडणार, आम्ही म्हणणार, ‘पण नदी आमच्याकडे आहे.’ नावात रेघ असलेल्या गावात जुळं जन्माला येणं मला तरी कधी विचित्र वाटलं नाही.

२००१ च्या जनगणनेत हे गाव लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात. मी लहान होते तेव्हा हेंद्रेपाड्यात दोन बिल्डिंगांच्या मध्ये मोकळं रान असायचं. मे महिन्यात जांभळं खाऊन जिभा जांभळ्या व्हायच्या. आई जीभ बघून ओळखायची, कोण जास्त वेळ उनाडलं ते. बाकी ओळखायला तिची युक्ती होती. मोठीच्या डाव्या मनगटाला काळा दोरा, माझ्या उजव्या. कपडे मात्र एकाच ताग्यातले! दिवाळीला एकच कापड आणायचं आणि त्यात दोन फ्रॉक बसवायचे. फोटोत आम्ही कायम कुठल्यातरी खिडकीच्या पडद्यांसारख्या दिसतो.

शाळेत आम्हाला ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीत टाकलं, बाईंचा गोंधळ होऊ नये म्हणून. माझा तिथे जीव रमला. पहिल्यांदाच कोणी मला ‘जुळ्यांपैकी एक’ म्हणत नव्हतं. ती मात्र मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायची. आणि मी बघून न बघितल्यासारखं करायचे. हे मी आत्तापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

जुळ्यांबद्दल लोकांच्या एकेक सॉलिड समजुती असतात. एकीला लागलं की दुसरीला दुखतं. एक नापास झाली तर दुसरी नापास. ऑफिसात कोणी ना कोणी तरी अमेरिकेतल्या त्या दोन ‘जिम’ची गोष्ट सांगतोच. जन्मल्यावर वेगवेगळ्या घरी दत्तक गेले, १९७९ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी भेटले, तर दोघांच्या पहिल्या बायकांची नावं लिंडा आणि दुसऱ्यांची बेटी! मिनेसोटा विद्यापीठाचा प्रसिद्ध अभ्यास त्यांच्यापासून सुरू झाला. छान आहे. पण ते वेगळे वाढले म्हणून त्यांचं सारखेपण नवलाचं. आम्ही एका वन रूम किचनमध्ये, एका उशीवर वाढलो. आमच्यात नवल शोधायचं तर ते वेगळेपणाचं शोधा की! डिसेंबर २०२२ मध्ये अकलूजला दोन जुळ्या बहिणींनी एकाच मुलाशी लग्न केलं, तेव्हा तो व्हिडिओ मला किती जणांनी पाठवला असेल? ‘तुमचा काय विचार?’ सोबत डोळा मारणारा चेहरा. त्या प्रकरणात पोलिसांत तक्रार नोंदवली गेली, महिनाभर चर्चा झाली. मला त्यातलं एकच वाक्य खटकत राहिलं, ‘आम्ही एकमेकींशिवाय राहू शकत नाही.’ वाटलं, आपण तर मजेत राहतोय.

आणि आता २६ जुलै.

२००५ साली आम्ही बारा वर्षांच्या होतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण इकडे उल्हास नदीने काय केलं, ते मुंबईच्या बातम्यांत फारसं आलं नाही. बाबा दादरला अडकलेले. संध्याकाळी आधी मोरीतून पाणी वर आलं, मग दारातून. बघता बघता गुडघा, मग ओटा. वीज गेलेली. शेजारच्या काकांनी मला खांद्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे सोडलं आणि ते आजीला आणायला खाली गेले. काकूंनी माझा भिजलेला फ्रॉक काढून मला त्यांच्या मुलाचा टीशर्ट घातला. आईने मोठीला स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढवून ठेवलं होतं, कागदपत्रांची पिशवी हातात देऊन. ‘हलू नकोस, आलेच.’

आई आणि काका मिळून आजीला वर घेऊन आले. आईने जिन्यातूनच ओरडून विचारलं, ‘दोघी आल्या का गं?’

काकू म्हणाल्या, ‘आल्या की! एक फ्रॉकमधली, एक टीशर्टमधली.’

त्यांनी मलाच दोनदा मोजलं होतं.

काकांना वाटलं दुसरीला आईने आणलं, आईला वाटलं काकांनी. अंधार, आरडाओरडा, आजीला लागलेली धाप. अर्धा तास गेला असेल. आणि मी? मी कोपऱ्यात बसून चहात बुडवून पार्ले-जी खात होते. एकीला झालं की दुसरीला कळतं ना? मला काहीही कळलं नाही. शेवटी आईनेच मेणबत्ती माझ्या तोंडासमोर धरली, मग आजूबाजूला फिरवली आणि ती जी किंचाळली, ते आजही कानात आहे.

काका छातीभर पाण्यातून गेले आणि तिला घेऊन आले. माळ्यावरून उतरवताना पिशवी पाण्यात पडली. जन्मदाखले, रेशनकार्ड, बाबांची सर्टिफिकेटं, सगळं उल्हास नदीला. ती रडली नाही. वर आल्यावर काकूंकडे बघून एवढंच म्हणाली, ‘मला मोजलंच नाही.’

त्यानंतर पाणी अनेकदा आलं. २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजारावर माणसं बोटींनी काढावी लागली, तेव्हा तर अख्ख्या देशाने आमची नदी टीव्हीवर पाहिली. पण तोवर आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली होती. तिसऱ्या मजल्याच्या हट्टात आईला कोणी अडवलं नाही.

तर, रिपोर्ट. तिला फोन करून झापायचं, अशा तयारीत मी बसले होते. यादी वाचायला लागले. पहिला थकलेला हप्ता नोव्हेंबरचा. त्याआधीची दोन वर्षं सगळं वेळच्या वेळी. मला ते चमत्कारिक वाटलं. नोव्हेंबर म्हणजे दिवाळी झाली त्यानंतरचं बिल. त्या दिवाळीला तिने आम्हा दोघींना एकसारखे कुर्ते घेतले होते, गंमत म्हणून, त्या जुन्या पडद्यांची आठवण. मी म्हटलं होतं, ‘काय गं, बोनस जोरात दिसतोय!’

फोन केला. ‘तुझी नोकरी आहे ना?’

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग, ‘तुला कोणी सांगितलं?’

ऑक्टोबरमध्येच गेली होती. पुण्यातली तिची अख्खी टीम एका शुक्रवारी कमी केली. रूममेट्सना माहीत होतं, आईला नाही, मला नाही. आम्ही दर रविवारी बोलत होतो बरं का! वेब सीरिज, केसांचं गळणं, मामाच्या मुलाचं लग्न. आठ महिने. मला कळलं ते बँकेच्या नकारातून.

नगरपरिषदेत काम अपेक्षेपेक्षा सरळ झालं. गंमत सांगते, जन्माच्या दाखल्यावर वेळ नसते. म्हणजे ज्या सात मिनिटांच्या जोरावर तिने आयुष्यभर मोठेपणा गाजवला, त्याचा सरकारदरबारी काहीच पुरावा नाही! नावं सोडली तर फरक फक्त नोंदणी क्रमांकात. लागोपाठचे दोन. तिचा आधीचा, माझा नंतरचा. तेवढाच काय तो मोठेपणा.

खरं तर ओळख पटवायला अंगठा पुरतो. आमच्यासारखी हुबेहूब जुळी एकाच गर्भातून फुटतात, पण बोटांच्या रेषा पोटात असताना कोणावर कसा दाब आला त्यावरही ठरतात. त्यामुळे ठसे वेगळेच. आधारच्या मशीनने आम्हाला एका सेकंदात ओळखलं होतं. काकूंकडे तसं मशीन असतं तर!

तुमच्यापैकी कोणाला जुळं भावंड असेल, किंवा तुमचं नाव-आडनाव चारचौघांसारखं असेल, तर एक करा. वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तो मागवा आणि वाचा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर एप्रिल २०२४ पासून रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते. माझं काम सव्वीस दिवसांत झालं, त्यामुळे भरपाईवर पाणी. पण लोन झालं.

शुक्रवारी रात्री ती पुण्याहून आली. आईला सगळं सांगितलं. आई काही बोलली नाही, भाताला कुकरमध्ये आणखी एक वाटी तांदूळ टाकला. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी नदीच्या बाजूला चालत गेलो. पाणी तळाशी, संथ, गुडघाभरसुद्धा नसेल. इथे कोणी बुडू शकतं, यावर विश्वास बसू नये असं. बराच वेळ मी धीर गोळा करत होते.

‘त्या दिवशी मला आठवण नाही झाली गं तुझी,’ मी म्हटलं. ‘मी बिस्किटं खात होते.’

‘माहितीये. तुझ्या तोंडाला लागलेलं होतं.’

मग तीच म्हणाली, ‘तेव्हा तुला दोनदा मोजलं. आता मला दोनदा मोजलं. फिट्टंफाट.’

‘उरलेले पैसे किती आहेत?’

‘तुझ्या ईएमआयमध्ये बसणार नाहीत.’

मी दोन हप्ते भरले, तिने नको म्हटलं तरी. तिसरा तिने स्वतः भरला. आता तिला ठाण्याजवळ काम मिळालंय, पगार आधीपेक्षा कमी आहे, आणि सोमवारपासून ती माझ्याकडेच राहायला येतेय. रविवारी आम्ही दोघी तिचं सामान घेऊन बदलापूरहून निघालो. लेडीज डब्यात समोरच्या बाई अंबरनाथपासून आमच्याकडे टक लावून बघत होत्या. उल्हासनगर आलं तेव्हा त्यांना राहवेना.

‘जुळ्या का गं तुम्ही?’

‘हो,’ मी म्हटलं.

‘मोठी कोण?’

मी तिच्याकडे बोट दाखवलं. तिने दाखल्याची झेरॉक्स काढायला पर्स उघडली.