शॉकअप कडक करताना

दुचाकीच्या शॉकअपवर पैसे घालणाऱ्यांना मी बरीच वर्षं हसत आलो. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या पार्किंगमध्ये सोनेरी स्प्रिंगची, बाजूला गॅसची छोटी नळकांडी लावलेली एखादी गाडी दिसली की तिचा मालक पंचविशीच्या आतला, बिनलग्नाचा आणि हप्ते थकलेला असणार, हे मी चालता चालता ठरवून टाकायचो. कंपनीत शहाणी माणसं बसली आहेत, त्यांनी लावलेलं शॉकअप पुरेसं आहे. आपण फार तर ते सगळ्यात मऊ खाचेवर ठेवावं, म्हणजे मागे बसणारीलाही बरं, असं माझं गणित. आणि ते वेडगळ मुळीच नव्हतं. सीट हाताने दाबून बघा. मऊ शॉकअप खाली जातं, कडक जात नाही. यात न पटण्यासारखं काय आहे?

आज त्याच पार्किंगमध्ये माझी गाडी नव्या शॉकअपसकट उभी असते, तीही कडक करून. मत फिरलं, त्याची ही हकिगत.

आम्ही दोघं अजनीहून निघतो. बायको एम्समध्ये नोकरीला, मी सेझमधल्या एका कंपनीत. मेट्रो खापरीपर्यंत येते हे मान्य, पण तिथून पुढे पोहोचायचं आणि तिच्या ड्युटीच्या वेळा सांभाळायच्या, तर गाडीच सोयीची. वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे: वर मेट्रो, मधे आपण, खाली जुना रस्ता. गिनीज बुकात नोंद झालेला हा पूल डोळ्यांना सुरेख दिसतो, पण त्याचा प्रत्येक सांधा दुचाकीच्या मागच्या चाकाला कळतो. पुढे चिंचभवन, खापरी. जिथे सिमेंटचा रस्ता संपून डांबरी सुरू होतो तिथे हमखास बोटभर पायरी. 11 डिसेंबर 2022 ला एम्सचं आणि समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. समृद्धी सुरू होतो तो शिवमडक्याला, मिहानच्या अगदी शेजारून. पण तिथे दुचाकीला बंदी, आमच्या वाट्याला आपली खापरीच.

बायको म्हणायची, “अहो, स्पीडब्रेकरला जरा हळू घ्या ना.” मी हळूच घेत होतो. माझ्या मते.

मग माझ्या मनगटाला प्लास्टर बसलं आणि काही दिवस ऑफिसातला एक मित्र माझीच गाडी चालवायला आणि मी मागे, अशी पाळी आली. त्या दिवसांत मला एक गोष्ट उमगली, जी गाडी चालवून जन्मात उमगली नसती. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो नकळत पायांवर जोर देऊन बूड किंचित उचलतो, गुडघ्यांनी टाकी धरतो, उरलेला धक्का हँडलवरचे हात खातात. शिवाय तो दोन चाकांच्या मधे बसलेला असतो, मागचं चाक उडालं तरी त्याच्या वाट्याला अर्धंमुर्धंच येतं. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर बसलेला असतो आणि त्याला समोर दिसते फक्त हेल्मेटची पाठ. धक्का बसला की कळतं, धक्का होता. साडीच्या दिवशी एका बाजूला बसलं की गुडघ्यांचाही आधार गेला. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123 व्या नियमाने मागच्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकात कपडा जाऊ नये म्हणून जाळी सक्तीची केली आहे. कायद्याने पदराची काळजी घेतली, मणक्याचं ज्याचं त्याने बघायचं.

विशेष म्हणजे मला मागे जो दणका बसायचा तो कडक शॉकअपचा नव्हता. गाडी आधी छान खाली जायची आणि मग तळाशी खाडकन आदळायची.

अजनीतल्या आमच्या मिस्त्रीला हे सांगितलं तर त्याने गाडीकडे न बघताच विचारलं, “कितव्या खाचेवर ठेवून राह्यले भाऊ?” पहिल्या, म्हटलं. “मग दोघं बसल्यावर त्याले खाली जायले जागाच कुठं उरली?” त्याने गाडीच्याच टूलकिटमधला सी पाना काढला. हा पाना त्या किटमध्ये असतो हे मला माहीत होतं, कशाचा असतो ते कधी बघितलं नव्हतं. वर म्हणाला, “ह्याच्यानं स्प्रिंग कडक नाही होत. गाडी वर उठते फक्त.”

हे मला पटेना. रविवारी खाली पार्किंगमध्ये मोजायचं ठरवलं. शेजारचे देशमुख काका टेप धरून. गाडी मधल्या स्टँडवर, मागचं चाक हवेत, आसापासून वरच्या कडीवरच्या खुणेपर्यंत एक माप. मग गाडी खाली उतरवून आम्ही दोघं हेल्मेट, डबे, बॅगा घेऊन वर बसलो, पुढचं चाक भिंतीला टेकवून, आणि काकांनी वाकून दुसरं माप घेतलं. वॉचमन थांबून बघत होता. मागच्या चाकाची एकूण हालचाल 120 मिलिमीटर. त्यातले 80 नुसतं बसण्यातच खर्च झालेले. खड्ड्यासाठी उरले 40. जाणकारांचा ठोकताळा असा की बसल्यावर एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा खर्च व्हावा, बाकी रस्त्यासाठी राखून ठेवावी. आमचा हिशेब बरोब्बर उलटा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी त्यावरून लांबट चढ-उतार करून जावी. आपल्या ले-आऊटमधले ब्रेकर उरलेल्या मालातून टाकलेले, उंची तेवढीच आणि रुंदी हातभर. तिथे 40 मिलिमीटर किती पुरणार?

चौथ्या खाचेवर गाडी दोनेक सेंटिमीटर वर उठली. मिस्त्रीचं म्हणणं खरं होतं. खाच फिरवल्याने स्प्रिंगची ताकद बदलत नाही, ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे वजन आल्यावर गाडी कमी बसते आणि खाली जायला जागा उरते. दोघांचं वजन असेल तर कडक खाच जास्त आरामाची, हे वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याची थट्टा केली असती. आणखी एक फायदा झाला. रात्री वर्धा रोडवर समोरचे मला सारखे डिपर मारायचे आणि मी त्यांच्यावर चिडायचो. मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइट त्यांच्या डोळ्यांत जात होता.

एवढ्यावर भागलं असतं तर शॉकअप बदलणाऱ्यांना हसायचा माझा हक्क शाबूत राहिला असता. पण तेल म्हातारं झालं होतं. शॉकअपमधली स्प्रिंग धक्का घेते, पण घेतलेला धक्का परत करायची तिला घाई असते. तिला आवरण्याचं काम आतल्या तेलाचं. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं, त्यात जोर जिरतो. तेल पातळ झालं की ब्रेकरनंतर गाडी एकदा नाही, दोन-तीनदा झुलते. आणि आपल्याकडचा मे महिना! आधीच तापलेलं तेल मागे दुसरं माणूस बसलं की आणखी तापतं.

गॅस शॉकअपबद्दलही माझा समज वेगळाच होता. आत गॅस म्हणजे हवेची उशी, म्हणून मऊ, असं वाटायचं. मिहानमध्येच बोइंगने बांधून एअर इंडियाला दिलेलं विमानदुरुस्तीचं केंद्र आहे. अशा कामातला एक ओळखीचा माणूस चहाच्या टपरीवर भेटला, त्याने समजावून सांगितलं. विमानाच्या चाकाच्या पायात नायट्रोजन आणि तेल असतं, तिथे नायट्रोजन खरोखर स्प्रिंगचं काम करतो. मोटरसायकलमध्ये स्प्रिंग बाहेर डोळ्यांना दिसतेच आहे. आतला नायट्रोजन मुख्यतः तेल दाबून धरतो, म्हणजे पिस्टन जोरात हलला तरी तेलाला फेस येत नाही. फेस आला की पिस्टनला अडवणारं काही उरत नाही. म्हणजे गॅस आहे म्हणून शॉकअप मऊ, हेही गेलं.

शेवटी नवी जोडी घेतली, दुकानदाराला आमच्या दोघांचं वजन सांगून. वजन सांगताना बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सोडून देऊ. पगाराचा चांगला लचका गेला. स्प्रिंग जाड, आणि परतीचा झटका कमी-जास्त करायला खाली एक छोटी चकती. बाजूची नळकांडी मी मुद्दाम टाळली, आपल्या वेगाला तिची गरज नाही. खरं सांगायचं तर निम्मा आराम फुकटच्या कामांनी आला: खाच, आणि मॅन्युअलमध्ये दोघांसाठी वेगळा दिलेला हवेचा दाब, जो मी कधी वाचलाच नव्हता. चेनही दोघांना बसवून एकदा तपासून घेतली. उरलेला निम्मा मात्र पैशांचाच. डबल डेकरवरचे सांधे अजून कळतात, पण एकदाच.

एकटा असलो की गाडी आता मला उडवते. खाच मागे घेता येते, पाना सीटखाली आहे, पण रोज कोण वाकणार. बायकोची स्पीडब्रेकरची तक्रार थांबली आहे. सध्या तिचं म्हणणं असं की मागची कडी पाठीला टोचते आणि सीटचा फोम बसला आहे, तेव्हा एवढं केलंच आहे तर तेही बघा.