पावती

दर महिन्याच्या एक तारखेला मावशी मला भाड्याची पावती द्यायच्या. पैसे बँकेतून जायचे, नोंद दोघींकडे असायची, तरी कागदाची पावती हवीच. तारीख, रक्कम, 'वरच्या मजल्यावरची मागची खोली', खाली सही. रात्री त्यांच्याकडे जेवले तर जेवणाचेही पैसे, आणि त्याची वेगळी पावती. फ्रिजमधल्या एका फळीवर त्यांनी माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. मिरजेत वाढलेल्या बाईला हे पचणं कठीणच. आमच्याकडे भाडेकरणीच्या ताटात काय पडलं, हे कुणी वहीत लिहीत नाही. पहिले काही महिने मी मुलीजवळ एकच पालुपद लावलं होतं, "बाई चांगल्या आहेत गं, पण फार चिकट."

२०१८च्या ऑगस्टमध्ये मी द हेगला आले. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एकवीस वर्षं काढली होती. नवरा गेला होता, नोकरी गेली होती आणि मुलीला लायडन विद्यापीठाच्या हेगमधल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. माझं काम वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचं. बटण कुठलं दाबायचं, सुई कधी बदलायची, शिट्टी वाजली तर काय करायचं. हे काम कुठल्याही देशातून करता येतं. प्रश्न होता तो त्या देशात राहू कोण देणार, हा.

उत्तर माझ्या निळ्या पासपोर्टात होतं. २७ मार्च १९५६ रोजी अमेरिका आणि नेदरलँड्सनी मैत्रीचा तह केला. त्याच्या आधारे अमेरिकन नागरिकाला इथे येऊन स्वतःचा धंदा काढता येतो आणि त्या धंद्याच्या जोरावर राहताही येतं. भांडवल लागतं ४,५०० युरो, आणि ते धंद्याच्या खात्यात कायम राहिलं पाहिजे. हा आकडा येतो कुठून? पूर्वी इथे खाजगी कंपनी काढायला १८,००० युरो भांडवल लागायचं, त्याचा चौथा हिस्सा. ती १८,०००ची अट २०१२ साली उठली. चौथा हिस्सा मात्र जागचा हलला नाही. सरकारी आकडा एकदा बसला की उठत नाही, हा गुण काही फक्त आपल्याकडचा नव्हे.

२०११मध्ये अमेरिकेची शपथ घेऊन भारतीय पासपोर्ट परत केला, तेव्हा घरी येऊन रडले होते. तो ठेवला असता तर या तहाचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

तह असला तरी दार आपोआप उघडत नाही. परवान्याच्या अर्जाला धंद्याची नोंदणी जोडायची. ती नोंदणी करणाऱ्या कचेरीला, जिला इथे सगळे केव्हीके म्हणतात, पत्ता हवा. बँकेला केव्हीकेचा नंबर हवा आणि बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांकही हवा. बीएसएन देणार नगरपालिका, तिला पत्ता हवा आणि जन्मदाखलाही. भांडवल ठेवायला बँकेत खातं हवं. आणि घरमालकाला हवा तुमच्या कमाईचा पुरावा, जो धंदा सुरू झाल्याशिवाय कुठून आणायचा?

जन्मदाखल्याची निराळीच कथा. १९७४च्या माझ्या नोंदीत नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं. लिंग : स्त्री, एवढंच. मामेभावाने शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून त्यात नाव घालून घेतलं, मग मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल. या खेपांत त्याच्या किती रजा गेल्या, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. त्याचंही ऋण आहेच. पण तो घरचा. त्याचं मी भांडून फेडते.

अडलं ते पत्त्यावर. पहिल्या महिन्यात ज्या खोलीत राहिले, तिच्या मालकाने स्वच्छ सांगितलं, राहा, पण इथे नाव नोंदवायचं नाही. पुढच्या चार ठिकाणी तेच. एका दुपारी पाउल क्रूगरलानवर एका सुरिनामी खानावळीत डाळ भरलेली रोटी खात बसले होते. पुरणपोळीची ही तिखटमिठाची बहीण, सोबत चवळीच्या शेंगांची भाजी, आणि मिरची अशी की डोळ्यांतून पाणी यावं. ते मिरचीचं की पत्त्याचं, मलाही ठाऊक नाही. शेजारच्या टेबलावर एक बाई कागदांच्या ढिगात बसून बेरजा करत होत्या. त्यांनी भोजपुरीच्या अंगाने जाणाऱ्या बोलीत विचारलं, कुठली? मी हिंदीत उत्तर दिलं. त्यांची ती बोली म्हणजे सरनामी. सुरिनामला गेलेल्या मजुरांची भाषा, जी पुढे या देशात येऊन पोचली. त्यांचं आणि माझं सगळं बोलणं पुढे असंच चाललं. माझी मुंबईच्या वळणाची हिंदी, त्यांची सरनामी आणि अडेल तिथे इंग्रजी. त्यांच्या बोलीतही मावशी म्हणजे मौसीच, त्यामुळे काय हाक मारावी हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला.

मावशींचा हिशेबनिसाचा व्यवसाय होता, गल्लीतल्या दुकानदारांची खाती लिहायच्या. माझं सगळं ऐकून म्हणाल्या, "पत्ता मिळेल. पण करार होईल आणि भाडं बाजारभावाने."

केव्हीकेत त्या सोबत आल्या. खिडकीपलीकडच्या तरुणाने विचारलं, धंदा काय? मी सांगणार होते, माहितीपुस्तिका लिहिते. मावशींनी टेबलाखालून माझा पाय दाबला. घरून पाठ करून घेतलेलं वाक्य मी म्हटलं : लेखन, संपादन, भाषांतर आणि त्यासंबंधीचं प्रशिक्षण. उद्या कुणी मराठी शिकवणी मागितली तर पुन्हा इथे यायला नको, हा त्यांचा हिशेब. (पुढे दोन जणींनी मागितलीही.) पन्नास युरो भरले आणि आठ आकडी नंबर हातात आला. मुलगी जन्मली तेव्हाही तिच्या पायाला बांधलेल्या पट्टीवर नंबर होता, त्याची आठवण झाली.

एका फी घेणाऱ्या सल्लागाराने खाजगी मर्यादित कंपनी काढायला सांगितलं होतं, रुबाब राहतो म्हणून. मावशी म्हणाल्या, एकटीची पेढी पुरे. इथला कायदा त्यांना ठाऊक होता, अमेरिकेचा मला. अमेरिकन माणसाने परदेशात स्वतःची कंपनी काढली की दरवर्षी तिकडे ५४७१ नावाचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो राहिला तर दंड दहा हजार डॉलरपासून सुरू. शिवाय आमच्या देशाची तऱ्हा अशी की नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही कमावो, आयकराचं विवरण तिकडेही भरायचं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे सासर सुटलं तरी सासूला हिशेब द्यायचा?"

बँकांना याच सासूची भीती. २०१०च्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी बँकांना अमेरिकन खातेदारांची माहिती तिकडे कळवावी लागते, म्हणून बऱ्याच बँका असलं गिऱ्हाईकच टाळतात. दोन बँकांनी मला गोड शब्दांत परत पाठवलं. ज्या पासपोर्टाने देशाचं दार उघडलं, तोच बँकेच्या दारात आडवा आला. तिसऱ्या बँकेत मावशींनी त्यांच्या जुन्या ओळखीच्या बाईंपुढे माझे कागद क्रमाने मांडले, वर अमेरिकेचा डब्ल्यू-९ फॉर्म भरून ठेवलेला. बाई काय बोलल्या ते मला डचमध्ये कळलं नाही. हसल्या एवढं दिसलं. आठवड्याने खातं उघडलं. साडेचार हजार भरले, मावशींनी प्रारंभिक ताळेबंद तयार करून सही केली, आणि त्या कामाचं बिल मला दिलं, २१ टक्के व्हॅटसह.

हिवाळ्यात परवाना आला, दोन वर्षांचा. मावशींनी एक वही आणून दिली : रोज किती तास काम केलं ते लिही. वर्षाला १,२२५ तास धंद्याला दिले असं दाखवता आलं तर तेव्हा नफ्यातून ७,२८० युरो वजा व्हायचे. मी टंगळमंगळ केली की त्या वही उघडून बघायच्या. माझ्या लेखी हाही चिकटपणाच.

मार्चमध्ये एका सकाळी बेल वाजली. पेन्शन खात्याच्या दोन बायका, ओळखपत्र दाखवून आत आल्या. त्यांनी मावशींशी डचमध्ये बोलून मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, "तुम्ही दोघी स्वयंपाक एकत्र करता?" मी 'हो' म्हणणारच होते. नसत्या शिष्टाचाराने, घरच्यासारखं आहे हे सांगायला. मावशींनी माझ्याआधी एक जाडजूड फाइल टेबलावर ठेवली. करार. महिन्यावार रकान्यांत भाड्याच्या पावत्या. जेवणाच्या पावत्या. मग त्यांनी फ्रिज उघडून माझ्या नावाची फळी दाखवली. त्या दोघींनी वर जाऊन माझी खोली पाहिली, दाराला कुलूप आहे ना ते पाहिलं, आणि अर्ध्या तासाने गेल्या.

तेव्हा मला कळलं. इथे एकटीला मिळणारं म्हातारपणाचं पेन्शन किमान वेतनाच्या ७० टक्के असतं. दुसऱ्या कुणाबरोबर घर चालवत असाल तर ५०. आपण भाडेकरू ठेवलाय, घर एकत्र चालवत नाही, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. मावशींचं पेन्शन जेमतेम काही महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं, आणि तेही कापलेलं. तेव्हाच्या नियमाने सोळा ते सहासष्ट अशी पन्नास वर्षं या देशात राहिलं तर पूर्ण पेन्शन, नसाल त्या दर वर्षाचे दोन टक्के वजा. त्या तेवीस वर्षांच्या असताना, १९७५ साली आल्या. सात वर्षांचे चौदा टक्के गेले. सुरिनाम तेव्हा डच राज्याचाच भाग होता, हे हिशेबात धरत नाहीत. अशा पेन्शनवर त्यांनी एका अनोळखी बाईचं नाव आपल्या पत्त्यावर चढवलं होतं.

"माहीत होतं तर खोली का दिलीत?"

"भाडं मिळतं ना," मावशी म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

चहा पिताना दुसरं सांगितलं. १९७५मध्ये स्वातंत्र्याच्या तोंडावर त्यांच्या घरची सात माणसं आली, आणि ओळखीच्या एका माणसाने सगळ्यांची नावं आपल्या पत्त्यावर नोंदवली. भाडं घेतलं नाही. पावतीही अर्थात नाही. पुढे चौकशी लागली आणि तो भला माणूस महिनोन्‌महिने कचेऱ्यांत खेटे घालत राहिला. "चांगुलपणाला कागद नसतो," त्या म्हणाल्या, "म्हणून मी कागद केला."

त्या दिवशी मी त्या चहाची पावती मागितली. मावशी हसल्या नाहीत. लिहून दिली, पन्नास सेंट. ती माझ्याकडे आहे.

कागद त्याआधीचेही आहेत. इथल्या नॅशनल आर्काइव्हच्या संकेतस्थळावर सुरिनामला नेलेल्या भारतीय मजुरांच्या नोंदी शोधता येतात. १८७० साली ब्रिटन आणि नेदरलँड्स यांच्यात तह झाला, आणि १८७३ ते १९१६ या काळात चौसष्ट जहाजांतून सुमारे चौतीस हजार माणसं कलकत्त्याहून तिकडे गेली. पाच-पाच वर्षांच्या करारावर. सरनामीत त्यांना कंत्राकी म्हणतात. २०२०च्या हिवाळ्यात, माझ्या परवान्याच्या मुदतवाढीचे कागद टेबलावर पसरलेले असताना, मी लॅपटॉपवर मावशींच्या पणजोबांची नोंद शोधून काढली. जिल्हा बस्ती. वय, उंची, कराराचा क्रमांक, कुठल्या मळ्यावर पाठवलं ते. मावशींनी ताळेबंद तपासावा तसं प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून वाचलं.

"त्यांना तहाने आणलं, तुलाही तहानेच," त्या म्हणाल्या. "तुझ्या तहात मैत्री लिहिलीय."

खाली शेरा होता : परतीच्या फुकट प्रवासाचा हक्क सोडला, शंभर गिल्डर घेतले. मावशी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या. मग चष्मा पुसून माझ्या कागदांकडे वळल्या.

"साडेचार हजार आहेत ना गं खात्यात? आकडा दाखव."