चार बोटांचे अंतर

इंटेलच्या परंपरेतील संगणकाची कळ दाबली की प्रोसेसर आपली पहिली आज्ञा जेथून उचलतो, ती जागा स्मृतीच्या चार गिगाबाइटांच्या सीमेपासून अवघ्या सोळा बाइट अलीकडे असते; तेथून उडी घेऊन तो ज्या आज्ञावलीत शिरतो तिला आमच्या धंद्यात फर्मवेअर म्हणतात, आणि जुन्या पिढीतले लोक सवयीने अद्याप बायोसच म्हणतात. मदरबोर्डाच्या एखाद्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या, आठ पायांच्या चिपमध्ये हिचे वास्तव्य असते. विंडोज काय किंवा लिनक्स काय, जे येते ते हिच्या मागून येते, आणि म्हणूनच हिच्यात एकदा शिरलेले खोटे वरच्या कोणत्याही पहाऱ्याला सहसा सापडत नाही, कारण तो पहारा उभा करणारीही हीच असते. या चिपचे दार कोणी, केव्हा आणि कोणाच्या संमतीने उघडावे, या एका प्रश्नाभोवती पुण्यात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. आणि अलीकडे त्या प्रश्नाचे जे उत्तर आम्ही घडवतो आहोत, ते म्हणजे यंत्रात न खुपसता, नुसते जवळ धरून चालणारी एक किल्ली.

आधीची कुलपे कशी होती हे सांगितल्यावाचून या किल्लीचे प्रयोजन ध्यानात येणार नाही. १९८४ साली आयबीएमने जो 'एटी' संगणक बाजारात आणला, त्यातील घड्याळाच्या चिपला चौसष्ट बाइटांची स्मृती होती आणि ती बॅटरीवर जिवंत राहत असे. पुढे त्या वंशातल्या यंत्रांत परवलीचा शब्दही बहुधा त्याच जागी ठेवण्याचा प्रघात पडला. परिणाम असा, की पेटीचे झाकण उघडून बॅटरी काढली किंवा एक जंपर इकडचा तिकडे केला, की कुलूप आपोआप विरघळे. लॅपटॉपांनी हा शब्द वेगळ्या चिपमध्ये नेला, तर उत्पादकांनीच विसरभोळ्या गिऱ्हाइकांसाठी सर्व दारे उघडणारे शब्द राखून ठेवले, आणि ते यथावकाश चव्हाट्यावर आले. पण माझ्या मते परवलीच्या शब्दाचा खरा दोष यांत्रिक नव्हेच. शंभर यंत्रांच्या कचेरीत एकच शब्द ठरतो, तो कारकुनाच्या वहीत चढतो, दुरुस्तीला आलेल्या माणसाला घाईत सांगितला जातो. सांगितल्याने तो कमी होत नाही, आणि कोणी कोणास सांगितला याची नोंद कोणत्याच दफ्तरात राहत नाही.

हे दार उघडे राहिल्यास काय होते ते २६ एप्रिल १९९९ रोजी जगाने पाहिले. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या सीआयएच नामक विषाणूने त्या दिवशी डिस्कवरील मजकूर तर पुसलाच, शिवाय ज्या मदरबोर्डांवर शक्य झाले तेथे फर्मवेअरच्या चिपमध्येही कचरा भरला, आणि ती यंत्रे पुन्हा सुरू होईनात. २०१८ साली एसेट या स्लोव्हाक कंपनीच्या संशोधकांनी उजेडात आणलेल्या 'लोजॅक्स'ची रीत अधिक सूक्ष्म होती: त्याने काही पुसले नाही, तो चिपमध्ये राहायला आला, आणि डिस्क बदलली तरी यंत्रातून हलेना. या दोहोंच्या दरम्यान, २०११ साली, अमेरिकेच्या मानक संस्थेने फर्मवेअरचा बदल स्वाक्षरी तपासल्यावाचून स्वीकारू नये असा दंडक लेखी मांडला होता. दंडक उत्तम होता. परंतु स्वाक्षरी उत्पादकाची असते, आणि यंत्र ज्याच्या मेजावर आहे त्याला त्यातील जुळवाजुळव करण्याचा अधिकार आहे की नाही, हे त्या स्वाक्षरीवरून कळत नाही.

त्यासाठी ही किल्ली. १३.५६ मेगाहर्ट्झची कंपने निर्माण करणारे तांब्याचे एक वेटोळे यंत्रात असते, दुसरे तसेच वेटोळे हाताच्या कार्डात असते. या कंपनांची तरंगलांबी बावीस मीटर, आणि आपला व्यवहार चार बोटांच्या अंतराचा. तेव्हा रेडिओची लहर अशी येथे काही धावत नाही, केवळ चुंबकीय क्षेत्राचा एक लहानसा पुंज दोन वेटोळ्यांच्या मध्ये असतो, आणि अंतर दुप्पट झाले की त्याचे बळ सुमारे आठव्या हिश्श्यावर येते. कार्डाला स्वतःची बॅटरी नाही. ते या क्षेत्रातूनच आपली वीज घेते, आणि त्याच क्षेत्रावर आपला भार कमीजास्त करून उत्तर देते.

कागदावर हे इतके सोपे दिसते, की यंत्राची पेटी आखणारे लोक या वेटोळ्याला, म्हणजे अँटेनेला, नेहमी उरलीसुरली जागा देतात, आणि आमच्या संकटांचा आरंभ तेथून होतो. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर तिच्यात उलटे प्रवाह फिरून क्षेत्र मारले जाते. म्हणून वेटोळ्याच्या पाठीशी फेराइटचा पातळ थर द्यावा लागतो आणि समोर प्लास्टिकची एक खिडकी मागून घ्यावी लागते. वेटोळे एक मायक्रोहेन्रीचे धरले तर त्यास सुमारे एकशे अडतीस पिकोफॅरडचा कपॅसिटर जोडून सूर जुळवावा. परंतु मेजावर जुळवलेला हा सूर पेटीत बसवताच ढळतो, फेराइटने ढळतो, खाली बॅटरी आली की पुन्हा ढळतो, आणि कार्ड जवळ आणताच ते कार्डही त्यास आपल्याकडे ओढते. म्हणून संपूर्ण जोडलेल्या यंत्रावर, कार्ड प्रत्यक्ष ठेवून, माणसाचा तळवा जेथे टेकणार तेथे टेकवून जे माप येईल तेच खरे, असे मी नव्या मुलांना बजावत असतो. त्यांना आकडेमोडीचा आज्ञांकितपणा आवडतो. तो मलाही आवडे.

अँटेना बोलू लागली की खरा पेच समोर येतो, आणि तो काळाचा आहे. आपण नित्य जी कार्डे वापरतो त्यांच्या मागे ऑपरेटिंग सिस्टीम उभी असते, तिचे ड्रायव्हर असतात. येथे त्यांपैकी कोणीही जन्मास आलेले नसते. फर्मवेअर आपले काम आटोपताना चिपवर लिहिण्याच्या वाटा बंद करते, आणि ते कुलूप पुढचा रीसेट होईपर्यंत खुद्द फर्मवेअरलाही काढता येऊ नये अशी त्याची घडण असते. अर्थात कार्डाची पारख त्या क्षणापूर्वी झाली पाहिजे, आणि ती होईतो वापरणाऱ्याला ताटकळतही ठेवता कामा नये. एक तजवीज अशी, की कीबोर्ड, पंखा व बॅटरी यांची देखरेख करणारा जो दुय्यम कंट्रोलर यंत्र बंद असतानाही जागा असतो, त्याच्याकडे कार्ड वाचण्याचे काम सोपवावे, आणि फर्मवेअरने उठताच त्याला विचारावे. पण काय विचारावे? त्याने नुसते 'होय' म्हटले आणि फर्मवेअरने ते मानले, तर त्या दोघांमधील तारेवर आपला एक तुकडा बसवून कोणीही 'होय' म्हणू शकेल. म्हणून फर्मवेअरने दर वेळी नवी यादृच्छिक संख्या काढावी, ती कार्डापर्यंत जावी, कार्डाने आपल्या पोटातील गुप्त किल्लीने तिच्यावर सही करावी, आणि ती सही फर्मवेअरने स्वतः पडताळावी. मधला कंट्रोलर केवळ जासूद. फर्मवेअरपाशी जी किल्ली राहते ती जाहीर किल्ली, तेव्हा चिपचा संपूर्ण मजकूर चोराने उतरवून नेला तरी त्यातून कार्ड घडवता येत नाही.

पुष्कळ ठिकाणी मात्र कार्डाचा नुसता क्रमांक वाचून दार उघडण्याची पद्धत चालू आहे. तिला मी कुलूप म्हणत नाही. क्रमांक कार्ड कोणालाही सांगते, आणि हवा तो क्रमांक सांगणारी कार्डे बाजारात मिळतात. गुप्त किल्ली वापरणाऱ्या कार्डांचीही परीक्षा झालेली आहे: १९९४ साली निघालेले मायफेअर क्लासिक हे कार्ड अठ्ठेचाळीस बिटांच्या किल्लीवर आणि स्वतःची रीत गुप्त ठेवण्यावर विसंबून होते, डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत ती रीत चिप घासून, सूक्ष्मदर्शकाखाली वाचून उघड करण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी नायमेगन येथील विद्यापीठाचा प्रबंध थांबवावा म्हणून निर्मात्या कंपनीने केलेली मागणी डच न्यायालयाने फेटाळली.

आणि गणित निर्दोष असले तरी चार बोटांचे अंतर निर्दोष ठरत नाही. २००५ साली केंब्रिजमध्ये गेरहार्ड हँके यांनी एक उपकरण कार्डाजवळ, दुसरे कार्ड वाचणाऱ्या रीडरजवळ ठेवून दोहोंमधील संभाषण पन्नास मीटरांवरून पोहोचते करून दाखविले. कार्ड आपल्या धन्याच्या खिशात स्वस्थ होते. अशा कार्डांच्या मानकाने कार्डाला उत्तरासाठी जवळजवळ पाच सेकंदांपर्यंत सवड देऊ केली आहे, आणि तेवढ्या अवधीत निरोप शहराबाहेर जाऊन परत येतो. तेव्हा जवळीक म्हणजे ओळख, असे जे विक्रेते सांगतात, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. या किल्लीचा गुण मी निराळ्या ठिकाणी पाहतो: अधिकार असलेल्या माणसाला ती उठवते, यंत्रापर्यंत चालत आणते, आणि जे काम तो दुसऱ्या शहरातून एका आज्ञेने हजार यंत्रांवर करू शकला असता, त्याच्यासमोर निदान एकदा ते यंत्र उभे करते. फर्मवेअरसारख्या गोष्टीला एवढी गैरसोय शोभते, नव्हे आवश्यक आहे, असे माझे ठाम मत आहे. सोयीच्या भक्तांनी त्याला जुनाटपणा म्हटले तर माझी हरकत नाही.

या मताच्या विरुद्ध जाणारी एक युक्ती मला तरीही फार मोहक वाटते. दोन तोंडांची एक स्मृतिचिप मिळते: एका तोंडाला अँटेना, दुसऱ्याला मदरबोर्डाकडे जाणाऱ्या दोन तारा. यंत्र गोदामात, खोक्यात, पूर्ण बंद असले तरी बाहेरून रीडरच्या विजेवर तिच्यात लिहिता येते. हुकूम आधी येऊन पडतो, आणि यंत्र जागे झाल्यावर त्याचा अंमल होतो. पण निजलेले यंत्र नवी संख्या काढून कार्डाची परीक्षा कशी घेणार? त्यावर तोड अशी, की यंत्राने बंद होतानाच पुढच्या वेळची संख्या त्या स्मृतीत लिहून ठेवावी, हुकुमावरची सही त्या संख्येसह आणि यंत्राच्या क्रमांकासह असावी, आणि एकदा अंमल झाला की ती संख्या कायमची बाद व्हावी.

इतके करून कार्ड कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न उरतोच, आणि तो आमच्या शास्त्राचा नाही, कारभाराचा आहे. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था वर्णिली आहे, तीत हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे, आणि तिघांनी मिळून कारभार करावा, असे आहे. एकटा फितूर झाला तर गड जाऊ नये हा त्यातला हेतू. आम्हीही फर्मवेअर बदलण्यास दोन कार्डे लागावीत, ती वेगवेगळ्या खात्यांत असावीत, आणि तिसरे, हरवल्याच्या प्रसंगासाठी, मोहोरबंद लखोट्यात तिजोरीत राहावे, अशी शिफारस करतो. शिफारस मान्य होते, आणि काही महिन्यांनी दोन्ही कार्डे एकाच खणात आढळतात.

याहून अवघड प्रसंग यंत्र विकले जाते तेव्हा येतो. कंपन्या जुने लॅपटॉप लिलावात काढतात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तशाच एखाद्या बाजारात पोहोचतात, आणि कॉलेजातला एखादा मुलगा काटकसरीने ते घेतो. फर्मवेअरला कुलूप तसेच असते, किल्ली ज्या खात्याकडे होती ते खातेच मोडलेले असते. दुकानदार मग आठ पायांच्या चिपला चिमटा लावून, तिच्यातला मजकूर बदलून यंत्र मोकळे करून देतो. काही लोक त्याला चोर म्हणतात. मला तसे म्हणवत नाही, कारण ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याला त्याच्याच यंत्रात प्रवेश नाकारणे हा कुलपाचा उपयोग नव्हे. म्हणून माझ्या आराखड्यात, कारखाना, वापर आणि दुरुस्ती या तीन अवस्थांच्या जोडीला, 'हस्तांतर' ही चौथी अवस्था मी आग्रहाने घालतो: जुन्या मालकाचे कार्ड शेवटचे एकदा यंत्रापाशी धरावे, फर्मवेअरने त्याची जाहीर किल्ली पुसून टाकावी, आणि नंतर जे पहिले कार्ड रुजू होईल त्याची मालकी नोंदवावी. हिशेबखात्याला या एका जादा पायरीचा खर्च दर वेळी नव्याने समजावून द्यावा लागतो.