किडनी कुणी ढकलली?

ऐंशीच्या दशकात अलिबाग, रेवदंडा, मुरूडकडे पोटातला गोळा कळायचा तो हातानेच. आधी वायगोळा समजून ओवा-हिंग, मग चोळणं, मग डॉक्टर. जुने सर्जन एक हात कमरेखाली, दुसरा पोटावर ठेवून गोळा तोलत आणि ‘हा मागचा दिसतोय’ म्हणत. मागचा म्हणजे आतड्यांच्या पडद्यामागचा, जिथे किडन्या, महाधमनी आणि कण्यालगतचे स्नायू असतात. खात्रीसाठी आयव्हीपी: शिरेत औषध टोचून एक्स-रे. किडनी किंवा मूत्रनलिका जागेवरून सरकलेली दिसली की संशय बळावे. पुढे रेवसची लाँच, भाऊचा धक्का आणि परळचं टाटा रुग्णालय. पावसात मांडव्याच्या बोटी बंद, दर्या खवळला की एसटीने वडखळ-पेणचा वळसा.

मग सोनोग्राफी आली. साडेतीन मेगाहर्ट्झचा प्रोब, शेजारी गुरगुरणारा स्टॅबिलायझर. लाइट गेली की पेशंट जेल लावलेल्या पोटाने तसाच पडून. चित्र कसलं, धुवांधार पावसातली खाडीच! थर्मल कागदावरचे फोटो फाइलीत फिके पडत. पण पडद्यावरचं चित्र हलतं होतं, आणि मागचा गोळा ओळखण्याची मेख त्या हलण्यातच होती.

‘श्वास घ्या, धरा, सोडा.’ श्वासाबरोबर यकृत खाली येतं. मागचा गोळा बहुधा जागचा हलत नाही, यकृत त्याच्यावरून घसरत जातं. मग शोधायचं, किडनी कुणी ढकलली? यकृताचा गोळा तिला मागे, खाली रेटतो. तिच्या पाठीमागून वाढलेला तिला पुढे आणतो. यकृत आणि किडनीमधली चरबीची पांढरी रेघ पुढे सरकली, तर उगम मागचा. महाधमनी कण्यापासून उचलली गेली असेल तरी तेच. किडनीची कड टोकदार होऊन गोळ्याला कवेत घेत असेल, तर मात्र गोळा किडनीचाच. किडनी, स्वादुपिंड, अॅड्रिनल, एकेक अवयव असा बाद केल्याशिवाय गोळ्याला ‘प्राथमिक’, म्हणजे त्या मागच्या जागेतच उगवलेला, म्हणायचं नाही, हा दंडक.

डोक्यावरून मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या कोळणींची पोटं अशी घट्ट, की प्रोब रुतायचाच नाही. त्यांना कुशीवर वळवायचं, पालथं झोपवायचं, पाठीकडून बघायचं.

तरीही निसटायचा तो लायपोसार्कोमा. मोठ्या माणसांत पडद्यामागच्या या जागेतल्या प्राथमिक कर्करोगांत हा सर्वाधिक आढळतो, आणि चरबीचाच असल्याने पुष्कळदा शेजारच्या चरबीत मिसळून जातो. वीतभर वाढेपर्यंत दुखत नाही. लेंग्याची नाडी अपुरी पडते, माणूस म्हणतो सुटलो. एक बाजू जास्त भरलेली आणि किडनी मध्याकडे सरकलेली, एवढाच धागा हाती.

आता डॉपलर आहे, खोलवरचं स्वच्छ चित्र आहे आणि पाठोपाठ सीटी. गाठीचा पसारा सीटीनेच ठरवावा, त्यात वाद नाही. पण ‘गॅसमुळे मागचा भाग नीट दिसत नाही’ हे वाक्य हल्ली रिपोर्टात फार लवकर येतं. गॅस तेव्हाही होता. प्रोब दाबून आतडं बाजूला सारत. जुन्यांची ती चिकाटी काही पुण्याई नव्हती म्हणा, सीटी जवळ नव्हता एवढंच. गाठीचा तुकडा काढणाऱ्या सुईच्या बाबतीत मात्र आजचा सावधपणा मला जास्त आवडतो: पॅरागँग्लिओमाची, म्हणजे अॅड्रिनलसारखी संप्रेरकं सोडू शकणाऱ्या गाठीची, शंका असेल तर आधी त्या संप्रेरकांच्या अंशांची (मेटानेफ्रिन) तपासणी, कारण नुसत्या टोचण्यानेही रक्तदाब भडकू शकतो. आणि सुई जाते ती पाठीच्या बाजूने, पोटाची पोकळी टाळून.

टाटाची वाटही आता सोपी झाली: मार्च २०२० पासून मांडव्याहून रो-रो बोट आहे, जानेवारी २०२४ पासून अटल सेतू, आणि टाटाचंच खारघरचं केंद्र तर रायगड जिल्ह्यातच. लायपोसार्कोमाच्या पेशंटला या फेऱ्या वर्षानुवर्षं कराव्या लागतात, कारण पूर्ण काढलेली गाठसुद्धा त्याच जागी पुन्हा उगवू शकते.