बाबांचे चॉकलेट

आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात माणसाची ओळख सांगताना तो कोणत्या जहाजावर आहे, हे आधी सांगावे लागे. माझे बाबा जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारा. सारंग, टिंडेल, आगवाले हीही आमच्याच मोहल्ल्यातली माणसे. बाबा वर्षा-दीड वर्षाने घरी येत. त्यांची पत्र्याची पेटी उघडली की आधी साबणाचा वास येई आणि मग चॉकलेटचा डबा निघे. अम्मा तो फडताळात कुलूप लावून ठेवी आणि दर जुम्म्याला आम्हा पाच भावंडांना एकेक वडी देई. बाबा मात्र कधी खात नसत. "मी जहाजावर पुष्कळ खाल्लंय," म्हणत. आम्हाला ते खरे वाटे.

२०२३ साली मी मुलाकडे ह्यूस्टनला गेले. त्याने सगळ्यांची जहाजाच्या सहलीची तिकिटे काढली. म्हणाला, "अम्मी, नानांनी जहाजावर रांधलं, आता तू बसून खा." गॅल्व्हेस्टन बंदरातून निघालेले जहाज तिसऱ्या दिवशी सकाळी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागले. तिथे चॉकलेट बनवायला शिकवतात, म्हणून सुनेने नावे नोंदवली होती. हौस नातीची, मी आपली सोबतीला.

शिकवणारी मुलगी माया वंशाची होती. तिने कोकोचे फळ फोडून दाखवले. आत सीताफळासारखा पांढरा गर आणि त्यात बिया. त्या काही दिवस आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या, मग भाजायच्या. मेक्सिकोत कोको मुख्यतः ताबास्को आणि चियापास या राज्यांत पिकतो, असे तिने सांगितले. तिचे पूर्वज कोको गोड करून खात नसत. वाटून, पाण्यात मिरची घालून, फेस आणून पीत. बियांचा उपयोग नाण्यांसारखाही होई. साखर आली ती स्पॅनिश लोकांबरोबर. साखरेला ती 'आसुकार' म्हणाली आणि माझे कान टवकारले. मुलगा म्हणाला, "अरबीतल्या 'अस्सुक्कर'वरून आलाय हा शब्द." आणि अरबांचा तो शब्द मुळात आपल्या शर्करेपासूनचा! सुनेने हळूच विचारून घेतले, यात दारू किंवा जिलेटिन नाही ना? नव्हते. फक्त कोको, साखर आणि दालचिनी.

मग तिने तीन पायांचा, उतरता, काळा दगड पुढे ठेवला. वर दगडाचाच लाटा. त्याला ते 'मेताते' म्हणतात. मी म्हटले, हा तर आपला पाटा-वरवंटा! बाकीचे प्रवासी हसत-खिदळत दगड घासत होते आणि बिया इकडेतिकडे उडत होत्या. मी बाह्या सावरल्या आणि गुडघे टेकून बसले. पाण्याचा थेंब नाही, तरी तीळ वाटताना सुटते तसे तेल सुटू लागले. कोकोच्या बीत जवळजवळ निम्मे तेलच असते. थोड्याच वेळात काळा, चकचकीत लगदा तयार झाला. ती मुलगी थांबून बघत राहिली. नात म्हणाली, "दादी, तुला हे येतं?"

तीन महिने मी त्या घरात माझ्या हातांना काम शोधत होते. भांडी यंत्र धुई, मसाला डब्यातून येई. त्या दिवशी पहिल्यांदा नात माझ्याजवळ सरकून बसली आणि वरवंट्यावर माझ्या हातांवर तिने आपले हात ठेवले.

संध्याकाळी आमची खोली आवरणारा मुलगा आला. श्रीवर्धनकडचा. पहिल्याच दिवशी सलाम करून मला 'चाची' म्हणाला होता. मी त्याला आम्ही केलेली एक वडी दिली. म्हणाला, "घरी चार वर्षांची मुलगी आहे, चाची. पण करार संपायला अजून पाच महिने आहेत. तिचं चॉकलेट शेवटच्या बंदरात घेईन. आत्ताचं टिकणार नाही."

"हे तुझ्यासाठी आहे, बाळा. खा."

"नंतर खातो," म्हणत त्याने ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

ते 'नंतर' माझ्या ओळखीचे होते. बाबा खलाशांसाठी डाळ-भात रांधत. त्यांना तिथे कोण चॉकलेट वाढणार होते? तो डबा त्यांनी कोणत्या बंदरात, किती दिवसांच्या पगारातून घेतला असेल? हे विचारायला आज ना बाबा आहेत, ना अम्मा.

रात्री नात उरलेल्या वड्या वाटू लागली. माझ्यापुढे हात करून थांबली. "दादी, तू नाही खात?"

'मी पुष्कळ खाल्लंय' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि तिच्यासमोर वडी तोंडात टाकली. कडू होती. साखर कमी पडली होती.

"छान झालंय," मी म्हटले, "अजून एक दे."